स्पेनमधल्या दोन उड्या

बातमी मला कुणी कळवली नाही, ती मीच कळवली. शनिवारची सकाळ होती, साडेदहाचा सुमार. सुनंदावहिनी तेव्हा शारजाला, रोल्लातल्या एका शिंप्याच्या दुकानात होत्या. लेकीच्या, तन्वीच्या, घागऱ्याची उंची कमी करायची होती. मी फोन केला तेव्हा मागे शिलाई मशीन चालू होतं आणि कुणीतरी हिंदीत हुज्जत घालत होतं. "थांब गं वृषाली, इथे काही ऐकू येत नाही, बाहेर येते," त्या म्हणाल्या. दुकानातून फुटपाथवर यायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. ते अर्धं मिनिट मी वाळवंटातल्या त्या मैदानाच्या कडेला फोन कानाशी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, हळू या, वहिनी, काही घाई नाही... मग रस्त्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "हं, बोल. उतरलात का दोघं? ह्यांना सांग, येताना दही घेऊन या."

जयवंत भोईरला, माझ्या जयवंतदादाला, जाऊन आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत शंभरेक माणसांनी मला एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकवलं: आवडीचं काम करता करता गेला, असं मरण भाग्यवंताला येतं. मराठी मंडळींनी दुबईत शोकसभा घेतली, तिथे एका गृहस्थांनी आकाशवेड्याला अखेर आकाशानेच बोलावून घेतलं असं म्हटलं आणि लोकांनी डोळे पुसले. मी मध्येच उठून बाहेर आले. आकाशाने त्याला काहीही केलं नव्हतं. त्याचं पॅराशूट ठरल्या उंचीवर, ठरल्यासारखं, अगदी नीट उघडलं होतं. त्या उघडलेल्या, धडधाकट पॅराशूटखाली, जमीन चार-पाच मजल्यांवर आली असताना त्याने एक वळण घेतलं. त्या वळणाने तो गेला. आणि ते वळण का घेतलं गेलं, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं त्या सभेत कुणालाही ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमची ओळख गाडीतली. मी दुबईत नवी होते, इंटरनॅशनल सिटीत दोन मुलींबरोबर खोली वाटून राहत होते आणि नोकरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, मालवाहतुकीच्या एका कंपनीच्या ऑफिसात. दादा त्याच बाजूच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. तिथे तेल साठवायच्या मोठ्या टाक्या बनतात. त्याच्या पांढऱ्या गाडीत आम्ही चौघं रोज सकाळी जायचो. गाडीत बसलं की तो किल्ली हातात धरून थांबायचा आणि तिथल्या अरबीत म्हणायचा, "यल्ला, बेल्ट," म्हणजे चला, बेल्ट लावा. मागच्या सीटवरचा एक केरळी अकाउंटंट एकदा म्हणाला, मागे बसणाऱ्याला काय गरज आहे. दादाने वाद घातला नाही. किल्ली डॅशबोर्डवर ठेवली, सीट मागे केली आणि मोबाइलवर पेपर वाचू लागला. चार मिनिटांनी मागून बेल्टचा खटका ऐकू आला. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि गाडी सुरू केली. तो रेवदंड्याच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा, बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नसे. मी त्याला पहिल्या आठवड्यात भोईरसाहेब म्हणत होते, दुसऱ्या आठवड्यात दादा म्हणायला लागले.

कामातल्या गोष्टी तो गाडीत सांगायचा आणि त्या गोष्टींत त्याचा सगळा स्वभाव असायचा. एकदा कारखान्यात एक वेल्डर परांचीवरून पडला, कमरेत मोडला. कामगार म्हणू लागले, ऊपरवाले की मर्ज़ी. दादाने सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "ऊपरवाले ने हुक नहीं खोला था." त्या दिवसापासून त्याच्यासमोर नशीब हा शब्द कुणी काढत नसे. दुसरी गोष्ट मला जास्त आठवते. वीस वर्षं आखातात काढलेला एक फोरमन तीन महिन्यांच्या सुट्टीवरून गोरखपूरहून परतला. दादाने त्याला परांचीवर चढू दिलं नाही. आधी अर्धा दिवस नव्या भरतीबरोबर बसून प्रशिक्षण घे म्हणाला. त्या माणसाला अपमान वाटला. "साहब, बीस साल से चढ़ रहा हूँ." दादा त्याला म्हणाला, "बीस साल मुझे मालूम है. मैं तीन महीने का पूछ रहा हूँ." हे सांगताना दादा माझ्याकडे बघून हसला होता. अनुभव डोक्यात राहतो गं, म्हणाला, हात विसरतात. डोक्याला वाटत राहतं की आपल्याला येतं.

पॅराशूटचं वेड त्याला बेचाळिसाव्या वर्षी लागलं. हायवेवरून जाताना लांबवर रंगीत ठिपके तरंगत उतरताना दिसायचे. एकदा त्याने गाडी तिकडे वळवली. पहिली उडी प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून मारली, मग रीतसर कोर्स केला. मी त्याचे फोटो काढायला म्हणून जायचे. सहा महिन्यांनी मीही शिकायला लागले आणि घरी, साताऱ्याला, आईला एक अक्षर सांगितलं नाही. थंडीचे महिने म्हणजे आमचा हंगाम. उन्हाळ्यात वाळवंटात कुणी उडत नाही. हंगामातला एकही शनिवार आम्ही सोडला नाही. त्याच्या पाचशेच्या वर उड्या झाल्या होत्या, माझ्या दोनशे. लोकांना वाटतं विमानातून झेप घेतानाचा थरार म्हणजे सगळं. दादाला त्यानंतरचं आवडायचं. पॅराशूट उघडलं की एकदम सगळं शांत होतं आणि पाचसहा मिनिटं माणूस वाळूवर आपली सावली बघत तरंगत राहतो. तो म्हणायचा, तेवढा वेळ माझ्याकडे कुणी रिपोर्ट मागत नाही.

मला उतरायला त्यानेच शिकवलं. म्हणजे प्रशिक्षकांनी शिकवलं होतं, पण माझ्या डोक्यात ते बसवलं त्याने. चहाच्या टपरीसारखी एक जागा मैदानाच्या कडेला आहे, तिथे बसून तो लोकांचं उतरणं दाखवायचा. बघ, हा वाऱ्याकडे तोंड करून येतोय, सावकाश टेकेल. बघ, हा लांबून वळलाय, बरोबर. आणि मग ते एक वाक्य, इतक्यांदा सांगितलेलं की मी वैतागायचे. खाली आल्यावर वळायचं नाही. वारा पाठीत असला, समोर कुंपण असलं, काहीही असलं तरी उंची संपली की वळायचं नाही, सरळ जाऊन आपटायचं. पॅराशूट वळलं की ते तिरकं होतं आणि झपकन खाली येतं. उंची असली तर सावरतं, नसली तर सावरत नाही. "सरळ गेलीस तर पाय मोडेल," तो म्हणायचा, "पाय बरा होतो."

गेल्या वर्षी हंगाम संपता संपता त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला. एकुलता एक मुलगा. पुढचे कितीतरी महिने त्याने शुक्रवारची रात्रीची विमानं आणि रविवारची परतीची विमानं केली. जुलै-ऑगस्ट बिनपगारी रजा घेऊन तो गावीच राहिला. राखी पौर्णिमेला मी व्हिडिओ कॉल केला होता. तो आईच्या कॉटशेजारी खाली बसला होता, मागे सलाइनची बाटली लटकत होती आणि त्याच्या मनगटावर शेजारणीने बांधलेली राखी होती. "तुझी कधी येणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दुबईत आलास की बांधते. गणपती उठले आणि चौथ्या दिवशी आई गेली. दादा परत आला तो अंगाने सुटलेला, सात-आठ किलो तरी वाढलेला, आणि गप्प. गाडीत बेल्टचं एवढंच बोलायचा. हंगाम सुरू झाला तरी तो मैदानाचं नाव काढेना. मी विचारायचे, तो म्हणायचा, "इन्शाल्ला." वहिनी मला एकदा म्हणाल्या, यांना एकदा घेऊन जा गं तिकडे, घरात नुसते भिंतीकडे बघत बसतात.

म्हणून एका गुरुवारी त्याचा फोन आला, "शनिवारी येतोय," तेव्हा मला किती आनंद झाला हे मी आज लिहायला नको, पण लिहिते. मी एवढंच म्हटलं, "दादा, आधी उजळणी करून घे हं. अर्धा दिवस जाईल फार तर." तो म्हणाला, "हो गं, नियम मला सांगतेस?" आणि हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. त्या हसण्यावर मी विषय सोडला.

उजळणीचा नियम सगळीकडे असतो. ठरावीक काळ उडी मारली नसेल तर माणूस कितीही जुना असो, आधी प्रशिक्षकाबरोबर वर्गात बसायचं, टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांत, लटकून हँडल ओढायचा सराव करायचा, पहिली उडी त्याच्या नजरेखाली आणि मोठ्या, संथ पॅराशूटने मारायची. दादाचं स्वतःचं पॅराशूट लहान होतं, चपळ. दर आठवड्याला उडत होता तेव्हा घेतलेलं. लहान पॅराशूट वेगाने उतरतं, हाताच्या एका खेचेला लगेच वळतं. आणि वजन वाढलं की आणखीच. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तर गर्दी होती, सुट्टीचे पर्यटक, त्यांचे कॅमेरे. प्रशिक्षक दुपारपर्यंत मोकळा नव्हता. मला वाटतं दादाने तिथेच ठरवलं. की घरूनच ठरवून आला होता... त्याची उड्यांची वही पाहिल्यावर मला घरून ठरवल्याचंच खरं वाटतं.

नावं नोंदवायच्या काउंटरवर एक फिलिपिनो बाई असते, आम्हाला ओळखणारी. तिने हसून विचारलं, बऱ्याच दिवसांनी, शेवटची उडी कधी? दादा म्हणाला, "ऑगस्ट. स्पेन. टू जम्प्स." आणि त्याने लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उडीची नोंद ठेवायची वही, उघडून तिच्यासमोर सरकवली. मी त्याच्या खांद्याशी उभी होते. दोन ओळी होत्या. तारखा वेगळ्या, पेन एकच, अक्षराचा कल एकच, मध्ये थांबल्याची खूण नाही. कारखान्यात एका बैठकीत भरलेल्या खोट्या चेकलिस्ट तो लांबून ओळखायचा. ते कसं ओळखायचं हेही त्याने मला गाडीत शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये तो कुठे होता हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा मी सात आठवडे अर्थ लावते आहे. कधी वाटतं विनंती होती, कधी वाटतं दटावणी. मी वळले आणि पाण्याच्या यंत्राशी जाऊन माझी बाटली भरू लागले.

ही माझी बाजू आहे, आणि ती मी पहिल्यांदाच छापून सांगते आहे. गप्प का राहिले, याची कारणं माझ्याकडे आहेत. तो मोठा होता, माझा शिकवणारा होता, त्याच्या उड्या माझ्या अडीचपट होत्या. त्याची आई नुकतीच गेली होती. परक्या बाईसमोर त्याला खोटं पाडायचं म्हणजे काय; मोठ्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा करायचा नाही, हे आपल्यात दूधभाताबरोबर भरवलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, पाचशे उड्या आहेत, त्याला काय होतंय. कारणं सगळी खरी आहेत. त्यातलं एकही मला वहिनींसमोर उभं राहून म्हणता आलं नाही.

आमचा जुना प्रशिक्षक, दक्षिण आफ्रिकेचा, पर्यटकांच्या गडबडीतून जाताना दादाला थांबून म्हणाला होता, एकदोन उड्या आमचं मोठं पॅराशूट घेऊन मार ना. दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "हबीबी, स्पेनमध्ये हेच होतं." खोटं बोलायला न शिकलेल्या माणसाचं खोटं असं असतं, एकदा सांगितलं की ते पुढे पुढे वापरावं लागतं. आणि त्याच माणसाने राखीव पॅराशूट मुदत संपण्याआधी रीतसर तपासून, घडी घालून, शिक्का मारून घेतलं होतं. सामानाची मुदत त्याने पाळली होती.

विमानात तो माझ्यासमोर बसला होता. वर चढताना त्याने विचारलं, "वारा कुठून?" मी म्हटलं, "उत्तरेकडून. उतरताना तोंड शेडकडे." तो हो म्हणाला. दोन मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, "वारा कुठून म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं. तेव्हाही बोलता आलं असतं. विमानातून खाली परत जाता येतं, त्यात लाज नसते, आम्ही दोघांनी दुसऱ्यांना तसं जाताना पाहिलं आहे. त्याचे हात मांडीवर होते आणि अंगठ्याने तो दुसऱ्या हाताचा तळवा चोळत होता. दार उघडलं. तो माझ्याकडे बघून हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि गेला. त्याच्यामागून थोड्या वेळाने मी.

माझं पॅराशूट उघडलं तेव्हा त्याचं निळं-पिवळं पॅराशूट माझ्या बरंच खाली होतं आणि छान चाललं होतं. मला आठवतं, मला सुटल्यासारखं वाटलं. झालं, आला परत, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. नंतर माझ्या लक्षात आलं की तो वाऱ्याबरोबर जातोय आणि अजून वळलेला नाही. वळायची उंची मागे पडली होती. कदाचित त्याला ती अजून आहे असं वाटत होतं. उंचीचा अंदाज डोळ्यांना सारखा द्यावा लागतो, वर्षभर दिला नाही की तो सुटतो. समोर पार्किंगचं कुंपण येत होतं. मी वरून ओरडले, सरळ जा, दादा, सरळ जा. त्या उंचीवरून कुणाला काही ऐकू जात नाही. निळं-पिवळं कापड एका बाजूला कललं, एखादं पान उलटावं तसं, आणि कापडाखालचा माणूस बाहेरच्या बाजूला फेकला गेला. कापड नंतर सावकाश वाळूवर पसरलं. मला खाली बघत राहता आलं नाही, कारण माझी स्वतःची जमीन येत होती. मी वाऱ्याकडे तोंड केलं, शेडकडे, आणि दोन्ही पायांवर टेकले. इतकं नीट मी क्वचित उतरले असेन.

प्रशिक्षकाने नंतर एवढंच म्हटलं, त्याला सगळं माहीत होतं, पण त्याचे हात एक वर्ष मागे होते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी दुपारी माझा जबाब घेतला. त्यांना मी स्पेनचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मान हलवली, सही घेतली. परक्या माणसांना सांगणं सोपं गेलं.

घरच्यांना मात्र मी सांगितलं नाही. त्याला गावी न्यायची कागदपत्रं होईपर्यंत चार दिवस मी त्यांच्या घरीच होते. तन्वी एकोणीस वर्षांची, इथेच वाढलेली, इथेच कॉलेजात जाते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "वृषाली आत्या, बाबा वॉज आउट ऑफ प्रॅक्टिस, राइट? डिडन्ट एनीवन आस्क हिम?" मी म्हटलं, "बाळा, बाबा फार अनुभवी होते." ती लगेच म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड." मी चहाचं आधण ठेवायला वळले. पाण्याच्या यंत्राशी वळले होते तशीच.

तेराव्यानंतर त्या दोघी परतल्या, व्हिसा आणि घर आवरायला. तेव्हा मी वहिनींना सगळं सांगितलं. काउंटर, वही, बाटली, विमानातला वारा. त्या कपाटातले त्याचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होत्या आणि त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तू बोलली असतीस तर हे थांबले असते?"

"माहीत नाही, वहिनी. रागावला असता. कदाचित थांबला असता."

"हे 'कदाचित' तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "मला ते घेऊन गावी जायचं नाहीये." आणखी एक शर्ट पिशवीत टाकून त्या पुन्हा बोलल्या, जास्त हळू. "मीच म्हटलं होतं तुला, घेऊन जा म्हणून. तेही आहेच." मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला चहा विचारला नाही आणि दारापर्यंत आल्या नाहीत. आणि दादावर माझा राग आहे, तो मी कुणाला सांगू. त्याने मला साक्षीदार करून ठेवलं. त्या गोरखपूरच्या फोरमनला तीन महिन्यांसाठी खाली उतरवणारा माणूस स्वतःसाठी दोन ओळी खोट्या लिहितो आणि आपल्या शिष्येला पाण्याची बाटली भरायला लावतो. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून लोक त्याला भाग्यवंत म्हणतात बहुतेक.

गेल्या आठवड्यात तन्वीचा मेसेज आला. बाबांच्या ऑफिसातल्या वस्तू कारखान्याने एका खोक्यात भरून ठेवल्या आहेत, आई जाणार नाही म्हणते, तू तिथेच काम करतेस, आणशील का. मी सकाळी साडेसहाला गेले. त्याचं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं होतं. खोक्यात एक मग, वाचायचा चष्मा, आईचा पासपोर्ट साइज फोटो आणि हेल्मेट होतं. खोका घेऊन अंगणातून येत होते तर पाळी सुरू होण्याआधी पंधराएक कामगार एका अर्धवट टाकीसमोर रांगेत उभे होते, हार्नेस चढवलेले. सुपरवायझर इक्बालभाई त्यांच्यासमोर हात पसरून उभे होते आणि एक मिशा पिकलेला, निजामाबादकडचा माणूस त्यांचे पट्टे एकेक ओढून पाहत होता. माझ्याशेजारचा स्टोअरकीपर म्हणाला, तो चारच दिवसांपूर्वी आलाय. इथे रोज सकाळी सगळ्यात नवा माणूस सगळ्यात जुन्याचं हार्नेस तपासतो. भोईरसाहेबांनी लावलेली रीत आहे. ते असताना त्यांचंसुद्धा नवाच माणूस तपासायचा.

तो माणूस अडखळत म्हणाला, "उस्ताद, पैर का पट्टा उल्टा लगता है."

इक्बालभाईंनी खाली पाहिलं. पट्टा उलटा नव्हता, मला लांबूनसुद्धा दिसत होतं. सगळी रांग बघत होती. इक्बालभाईंनी पट्टा सोडला, सरळ करून पुन्हा बांधला, खेचून दाखवला आणि म्हणाले, "शुक्रिया, भाई."

मी स्टोअरकीपरला विचारलं, पट्टा तर बरोबरच होता ना. तो म्हणाला, "साहब का हुक्म है, मॅडम. ग़लत टोके तो भी शुक्रिया बोलो. नहीं तो अगली बार टोकेगा नहीं."

इतकी वर्षं एका गाडीत बसून, एका विमानात बसून, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. माणसं एकामागून एक शिडी चढू लागली. वर पोचलेला प्रत्येक जण आपला हुक लोखंडी नळीला अडकवत होता आणि त्याचा आवाज खाली अंगणापर्यंत येत होता. खोका हातात धरून, शेवटचा हुक लागेपर्यंत मी तिथे उभी राहिले.